औषध हरलं की आपण ते चुकीचं वापरलं?

कॅन्सरच्या टार्गेटेड औषधांवरचा, म्हणजे पेशीला वाढायला लावणारा ठरावीक सिग्नल अडवणाऱ्या औषधांवरचा वाद आता इतका साचेबंद झालाय की कोण काय बोलणार हे आधीच सांगता येतं. एकीकडे बातमी येते, अमुक पाथवे (पेशीतला निरोपांचा रस्ता) बंद केला आणि ट्यूमर विरघळला, कॅन्सरचा मास्टर स्विच सापडला वगैरे, आणि हे सगळं उंदरात झालंय ही गोष्ट बातमीच्या तळाशी कुठेतरी एका ओळीत असते. लगेच दुसरी बाजू उठते की हे सगळं मार्केटिंग आहे, पंचवीस वर्षं झाली, आयुष्य दोन महिन्यांनी वाढतं आणि घर कर्जात बुडतं. दोघांकडे उदाहरणं तयार असतात आणि गंमत म्हणजे दोघांचीही उदाहरणं खरी असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. पेशीच्या सिग्नलवर घाव घालण्याची कल्पना बरोबर आहे आणि तिचा पुरावा आता कुणाला झटकून टाकता येणार नाही. पण ही औषधं आपण एकेकटी देतो, आजार हाताबाहेर गेल्यावर देतो, बरीच वर्षं तर कुणाला द्यायची हे न बघताच देत होतो, आणि हरलो की खापर कल्पनेवर फोडतो. भांडायचंच तर या वापरण्याच्या पद्धतीवर भांडू या.

थोडं बायोलॉजी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पेशी मनाला येईल तेव्हा दुभंगत नाही. बाहेरून वाढीचा निरोप येतो, पेशीच्या अंगावरचा रिसेप्टर तो घेतो, आत रास नावाचं प्रोटीन चालू होतं, ते राफला उठवतं, राफ मेकला, मेक अर्कला, आणि निरोप केंद्रकात पोचून पेशी दुभंगायला लागते. निरोप संपला की रास स्वतःच बंद होतं, निदान व्हायला हवं. रासच्या साखळीतलं बाराव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं की ते नीट बंदच होत नाही, बाहेर कुणी काही सांगत नसताना आत मात्र 'वाढ, वाढ' चालूच. हे 1982 मध्येच कळलं होतं. म्हणजे शत्रू कोण ते ठाऊक होतं, घाव घालायला जागा सापडत नव्हती, कारण रासच्या पृष्ठभागावर औषध अडकेल असा खळगाच दिसत नव्हता. तो केव्हिन शोकाट यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवला, तोसुद्धा रासच्या एकाच प्रकारच्या बिघाडात, आणि त्यावरचं पहिलं औषध, सोटोरासिब, 2021 मध्ये मान्य झालं. चाळीस वर्षं लागली. 'एवढी वर्षं झाली तरी काही नाही' म्हणणाऱ्यांनी हा हिशोबही बघावा.

बरं, ही कल्पना कंपन्यांनी काढलेली नाही. 1895 मध्ये जॉर्ज बीटसन या स्कॉटिश सर्जनने स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बाईंच्या बीजांडकोशाचं ऑपरेशन केलं, ते काढून टाकले, आणि छातीवरचा ट्यूमर आक्रसला. तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा नव्हता. 1941 मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटच्या बाबतीत तेच दाखवलं, पुरुषी हार्मोन तोडलं की गाठ माघार घेते. 1966 चं वैद्यकाचं नोबेल या हगिन्सना मिळालं आणि त्यांच्यासोबत पेटन राऊस यांना, ज्यांनी 1911 मध्येच कोंबड्यांत व्हायरसमुळे होणारा ट्यूमर दाखवला होता. त्या राऊसच्या व्हायरसमधला कॅन्सर करणारा जीन मुळात निरोगी पेशीतून उचललेला आहे हे बिशप आणि व्हार्मस यांनी 1976 मध्ये सिद्ध केलं. मला हा योग फार बोलका वाटतो, एकाच व्यासपीठावर एक जण सिग्नल तोडून ट्यूमर मागे हटवलेला आणि दुसरा असा की ज्याच्या कामातून सिग्नल कुठे बिघडतो ते पुढे कळलं. तेव्हा ज्यांना सगळंच थोतांड वाटतं त्यांनी स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमोक्सिफेनचं काय करायचं ते सांगावं, कारण तेही सिग्नल अडवणारंच औषध आहे आणि किती बायका त्याच्यामुळे जगल्या याची गणती नाही.

मग 2001 साली इमॅटिनिब आलं आणि तिथून अपेक्षांचं सगळं बिघडलं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरमध्ये दोन क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नावाचं एक कायम चालू असलेलं एन्झाइम तयार होतं. त्यातून आखूड झालेला क्रोमोसोम, फिलाडेल्फिया नावाचा, 1960 मध्ये दिसला होता, अदलाबदल जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये ओळखली. इमॅटिनिबने ते एन्झाइम अडवलं आणि मोठ्या ट्रायलमध्ये दहा वर्षांनंतरही 80 टक्क्यांहून जास्त पेशंट जिवंत होते. रोज एक गोळी. कुणाचंही डोकं फिरेल. पण हा आजार सुरुवातीच्या टप्प्यात जवळपास एकाच चुकीवर उभा असतो, आणि फुफ्फुसाचा किंवा आतड्याचा वर्षानुवर्षं मुरलेला ट्यूमर तसा नसतो. अपवाद हाती लागला आणि आपण त्याचाच नियम केला. जास्त नुकसान हाईपवाल्यांनी केलं असं मी म्हणतो ते यामुळे, शंका घेणाऱ्यांनी फक्त पुढची निराशा गोळा केली.

आता विरोधकांचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत ते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये एर्लोटिनिब 2005 मध्ये मान्य झालं तेव्हा मध्यम आयुष्यात (म्हणजे निम्मे पेशंट जितका काळ जगले त्यात) पडलेला फरक होता 5.91 महिन्यांवरून 6.24 महिने, म्हणजे दहा दिवस. हे आकड्यांच्या भाषेत यश ठरलं. फ्रान्समधल्या शिवा ट्रायलमध्ये ट्यूमरची जनुकीय तपासणी करून जुळणारं औषध दिलं आणि दुसऱ्या गटाला डॉक्टरांच्या पसंतीचं नेहमीचं औषध, 2015 मध्ये निकाल आला तेव्हा आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ 2.3 महिने विरुद्ध 2.0. तिसरं, 2018 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर पसरलेल्या पेशंटचा अंदाज काढला गेला, तर जनुकीय बिघाड बघून द्यायच्या औषधांसाठी पात्र ठरत होते साधारण 8 टक्के आणि फायदा होत होता 5 टक्क्यांच्या आसपास लोकांना. हे आकडे मला लपवायचे नाहीत. जाहिरातीत हसरा पेशंट दाखवताना उरलेले 95 कुठे गेले हे विचारायलाच हवं.

पण या आकड्यांवरून 'सिग्नल अडवून काही होत नाही' असा निष्कर्ष निघतो का? गेफिटिनिबचं उदाहरण घ्या. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ते 2003 मध्ये अमेरिकेत मान्य झालं, सरसकट दिलं, दहातल्या एखाद्याला जादू झाल्यासारखं वाटायचं आणि बाकीच्यांना काहीच नाही, आणि मोठ्या ट्रायलमध्ये आयुष्य वाढतंय असं दिसेना म्हणून 2005 मध्ये तिथे वापरावर बंधनं आली. मधल्या काळात, 2004 मध्ये, कळलं की ज्यांना गुण येतो त्यांच्या ईजीएफआरमध्ये, म्हणजे हे औषध अडवतं त्या वाढीचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरमध्ये, ठरावीक म्युटेशन (जीनमधला बदल) असतं. 2009 च्या इपास ट्रायलने मग जे दाखवलं ते या वादातल्या प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. म्युटेशन असलेल्यांत गेफिटिनिब केमोपेक्षा सरस, आणि नसलेल्यांत तेच गेफिटिनिब केमोपेक्षा स्पष्ट वाईट. औषध तेच. सरासरी काढली असती तर एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान एकमेकांत मिसळून 'बरं आहे, ठीक आहे' असं काहीतरी हाती आलं असतं. सरासरी कुणावर उपचार करत नाही. आणि शिवामध्येसुद्धा जुळवलेली औषधं बघितली तर बरीचशी हार्मोन किंवा एमटॉर (वाढीच्या सिग्नलमधलं आणखी एक प्रोटीन) अडवणारी होती, म्हणजे जिथे एकट्या औषधाकडून फार आशा नव्हतीच. त्या ट्रायलने 'रिपोर्टमध्ये बिघाड दिसला की त्या नावाचं औषध द्या' ही पद्धत पाडली, आणि ती पडलीच पाहिजे होती.

कारण बिघाडाचं नाव कळणं आणि ट्यूमर त्याच्यावर किती अवलंबून आहे हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी पापणीच्या कातडीतसुद्धा कॅन्सरची म्हणून ओळखली जाणारी म्युटेशन्स असलेल्या पेशी भरपूर असतात, 2015 च्या एका अभ्यासात पाव हिश्श्याच्या आसपास निघाल्या, आणि तिथे कॅन्सर नव्हता! मला यातलं सगळ्यात आवडणारं उदाहरण ब्राफचं, म्हणजे वर आलेल्या राफच्याच एका प्रकाराचं आहे. मेलेनोमा या कातडीच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या पेशंटमध्ये ब्राफच्या 600 क्रमांकाच्या जागी बिघाड असतो, 2011 मध्ये ते अडवणारं वेमुराफेनिब आलं आणि निम्म्या लोकांच्या गाठी झपाट्याने लहान झाल्या. आतड्याच्या कॅन्सरमध्ये काही पेशंटना अक्षर न अक्षर तोच बिघाड असतो, त्यांना तेच औषध दिलं तर पाच टक्क्यांच्या आसपास लोकांनाच गुण. असं का? ॲम्स्टरडॅममधल्या रेने बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेने 2012 मध्ये उत्तर दिलं. आतड्याच्या पेशीत ब्राफ बंद केलं की वरच्या ईजीएफआरवरचा लगाम सुटतो, तो पेटून उठतो आणि दुसऱ्या रस्त्याने तोच निरोप खाली पोचवतो. मेलेनोमाच्या पेशीत ईजीएफआर फारसा नसतोच, म्हणून तिथे ही पळवाट नव्हती. पाण्याला वाट मिळतेच म्हणतात तसं, फक्त कुठून मिळणार हे त्या अवयवाच्या पेशीवर ठरतं. मग दोन्ही एकदम अडवले तर? ईजीएफआरवर सेटुक्सिमॅब आणि ब्राफवर एन्कोराफेनिब, या जोडीने 2019 च्या बीकन ट्रायलमध्ये आयुष्य वाढवून दाखवलं आणि 2020 मध्ये ती मान्य झाली. लक्षात घ्या, सेटुक्सिमॅब एकटं या पेशंटमध्ये जेमतेम, ब्राफचं औषध एकटं जेमतेम. एकेकटी तपासून दोन्ही 'फेल' म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि तसे मोकळे झालेले लोक होतेच.

इथेच रेझिस्टन्सचा मुद्दा येतो, विरोधकांचा हुकमी एक्का. औषध चालतं, वर्षभरात ट्यूमर परत येतो, मग काय उपयोग? हिशोब साधा आहे. स्कॅनवर स्पष्ट दिसणाऱ्या एक घन सेंटिमीटरच्या गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असतात. पेशी दुभंगताना डीएनएतलं एखादं ठरावीक अक्षर चुकण्याची शक्यता ढोबळमानाने शंभर कोटींत एक. म्हणजे एका अक्षराच्या बदलाने जर औषध निकामी होत असेल तर पहिली गोळी तोंडात टाकायच्या आधीच ती निकामी करणारी पेशी त्या गाठीत कुठेतरी बसलेली असण्याची चांगलीच शक्यता असते. औषध बाकीच्यांना मारतं आणि तिला मैदान मोकळं करून देतं. यात औषधाची फसवणूक कुठे आहे? पण दोन औषधं अशी दिली की दोन्हींतून सुटायला दोन वेगवेगळे बदल लागतील, तर तशी पेशी आधीच असण्याची शक्यता शंभर कोटी गुणिले शंभर कोटींत एक होते. नोवाक, व्होगेलस्टाइन आणि मंडळींनी 2013 मध्ये हेच नीट गणित करून मांडलं, आणि त्यात एक टोचणारा निष्कर्ष होता की तीच दोन औषधं एकामागून एक दिली तर आजार पूर्ण जाण्याची आशा जवळपास उरत नाही. आपली बहुतेक पद्धत काय आहे? पहिलं संपेपर्यंत पहिलं, मग दुसरं. फर्स्ट लाइन, सेकंड लाइन.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. 1948 मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटनमधल्या त्या प्रसिद्ध ट्रायलचा निकाल आला, सहा महिन्यांत पेशंट सुधारले, मग जंतू औषधाला दाद देईनासे झाले आणि पाच वर्षांनी दोन गटांतला फरक बराचसा पुसला गेला. तेव्हा कुणी म्हटलं का की जंतूंवर औषध ही कल्पनाच खोटी? त्यांनी सोबत पास नावाचं दुसरं औषध दिलं, मग आयसोनियाझिड आलं, आणि क्षय बरा व्हायला लागला. एचआयव्हीत 1987 चं एझेडटी हे औषध एकटं थोडेच दिवस पुरलं, 1996 च्या सुमारास तीन औषधं एकदम आली आणि चित्र पालटलं. खुद्द कॅन्सरमध्ये सिडनी फार्बर यांनी 1948 मध्ये मुलांच्या ल्युकेमियात एका औषधाने काही महिन्यांचा आराम दाखवला, सगळी मुलं पुन्हा आजारी पडली, आणि साठच्या दशकात चार-चार औषधं एकत्र देणाऱ्यांना वेड्यात काढलं गेलं. आज चांगली सोय असलेल्या ठिकाणी दहातली नऊ मुलं बरी होतात. टार्गेटेड औषधांचा इतिहास अजून यातल्या पहिल्या अंकात आहे असं मला वाटतं, आणि आपण टीका लिहायला बसलोय ती तिसऱ्या अंकाची.

निव्वळ आशेवर बोलत नाही. ॲक्यूट प्रोमायलोसिटिक ल्युकेमिया एके काळी दिवसांत माणूस संपवायचा. त्याच्या मुळाशी बिघडलेलं एक रिसेप्टर प्रोटीन आहे आणि शांघायच्या डॉक्टरांनी 1988 मध्ये दाखवलं की अ जीवनसत्त्वाच्या जातीचं एक औषध दिलं तर त्या कच्च्या पेशी पक्व होऊ लागतात. एकटं दिलं की आजार परतायचा. त्याला जोड मिळाली सोमलाची, आर्सेनिक ट्रायऑक्साइडची, जे त्याच प्रोटीनला दुसरीकडून पकडून नष्ट करतं. 2013 च्या ट्रायलमध्ये कमी आणि मध्यम धोक्याच्या पेशंटना नेहमीची केमो न देता फक्त ही जोडी दिली, दोन वर्षांनी 97 टक्के लोकांत आजार परतला नव्हता. (यावरून कुणी 'बघा, जुन्या वैद्यकात सगळं होतंच' म्हणून सोमल खायला निघू नये, ते विषच आहे, मोजून शिरेतून दिलं म्हणून औषध.) फुफ्फुसातही तेच दिसतंय, ईजीएफआर बिघडलेल्यांत नुसतं ईजीएफआर अडवणारं ओसिमर्टिनिब दिलं तर मध्यम आयुष्य तीन वर्षांच्या थोडं पुढे, सुरुवातीपासून केमोची जोड दिली तर चार वर्षांच्या जवळ.

जोडीवरचा खरा कठीण आक्षेप दुष्परिणामांचा आहे आणि तो हलका घेऊन चालणार नाही. हे सिग्नल निरोगी पेशींचेही आहेत. पीआय3के हा इन्सुलिनचाच रस्ता, तो अडवणाऱ्या अल्पेलिसिबने रक्तातली साखर चढते, आणि त्याच कुटुंबातली ब्लड कॅन्सरवरची औषधं तर दुष्परिणामांमुळे 2022 च्या सुमारास एकापाठोपाठ, काही पूर्णपणे तर काही ठरावीक वापरांपुरती, मागे घ्यावी लागली. वेमुराफेनिबसोबत प्रतिकारशक्ती चेतवणारं इपिलिमुमॅब दिलं तर लिव्हरला इतका त्रास झाला की ट्रायल थांबवावी लागली. म्हणजे दोन चांगली औषधं मिळून चांगली जोडी होतेच असं नाही. पण उलटंही घडतं. एकटं ब्राफचं औषध घेणाऱ्यांना कातडीवर नव्याच गाठी यायच्या, कारण निरोगी पेशीत ते उलट तोच रस्ता चेतवतं, आणि मेकचं औषध जोडल्यावर या गाठी कमी झाल्या. दोन औषधं मिळून एका दुष्परिणामाला आळा! शिवाय नवी औषधं बिघडलेल्या प्रोटीनलाच जास्त धरतात, ओसिमर्टिनिब मूळच्या ईजीएफआरला बरंच सोडून देतं, सोटोरासिब तर बिघाडामुळे आलेल्या सिस्टीनलाच चिकटतं. निवडकपणा जितका वाढेल तितकी जोडीला जागा होते. जोडीही डोकं लावून निवडावी लागते, ब्राफ आणि मेक एकाच साखळीतले असल्याने एकच बदल दोघांनाही हरवू शकतो, म्हणून पाच वर्षांनी मेलेनोमाचे साधारण 34 टक्केच पेशंट जिवंत राहिलेले दिसतात. औषधं येण्याआधी पसरलेला मेलेनोमा वर्षभरही मिळू देत नसे, त्यामुळे 34 थोडे नाहीत, पण ते 97 नाहीत.

लवकर देण्याबद्दलही असंच. ट्रास्टुझुमॅब पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी 1998 मध्ये आलं तेव्हा फायदा महिन्यांत मोजायचा होता, ऑपरेशननंतर लगेच द्यायला लागल्यावर 2005 च्या ट्रायल्समध्ये आजार परतण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. ओसिमर्टिनिब ऑपरेशननंतर दिलं तर पाच वर्षांनी 88 टक्के जिवंत, न देता 78. यावर कुणी म्हणेल की दुसऱ्या गटातल्या सगळ्यांना आजार परतल्यावर ते औषध मिळालं नव्हतं, आणि हा आक्षेप रास्त आहे. बेव्हासिझुमॅब तर पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये उपयोगी आणि ऑपरेशननंतर लवकर दिलं तर निरुपयोगी निघालं, बहुधा ते रक्तवाहिन्यांच्या सिग्नलवर काम करतं आणि सुट्या विखुरलेल्या पेशींना अजून नव्या रक्तवाहिन्यांची गरज नसते म्हणून. तेव्हा 'लवकर द्या' हा मंत्र नाही, ज्या सिग्नलवर पेशी स्वतः जगते तो असेल तर लवकर द्या.

काही जण म्हणतात इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्तीच ट्यूमरवर सोडणारे उपचार) आल्यावर हा सगळा वादच जुना झाला. मेलेनोमात आधी इम्युनोथेरपी आणि मग ब्राफची औषधं हा क्रम सरस ठरलाय, दोन वर्षांनी 72 टक्के विरुद्ध 52, हे मान्यच. पण पीडी-1 काय आहे? प्रतिकारशक्तीच्या टी पेशीला ब्रेक लावणारा सिग्नल. 2018 चं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना सिग्नल अडवण्याबद्दलच मिळालं, फक्त पेशी ट्यूमरची नव्हती. आणि ईजीएफआर बिघडलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये हीच इम्युनोथेरपी फारशी चालत नाही, तिथे गोळीच लागते. तंबाखू सुटली तर या सगळ्या औषधांपेक्षा जास्त जीव वाचतील हेही खरं, पण ज्याला आज निदान झालंय त्याला हे सांगून काय मिळवायचं?

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मेलेनोमासाठी ब्राफ-मेकच्या तीन जोड्या मान्य आहेत आणि तिन्हींत दोन्ही औषधं एकाच कंपनीच्या किंवा तिच्या भागीदाराच्या हातातली. जोडी बायोलॉजीने सुचवावी की मालकीने? दोन प्रतिस्पर्ध्यांची, त्यातही दोन्ही अजून मान्य न झालेली औषधं एकत्र तपासायची तर डेटा कुणाचा, दोष कुणाचा, नफा कुणाचा यावर वर्षं जातात. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने 2013 मध्येच अशा दोन नव्या औषधांना एकत्र तपासण्याची वाट कागदावर मोकळी करून दिली होती, पण त्या वाटेने जायची सक्ती कुणावर नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या ट्रायल्सनी हेच काम आधी उचलायला हवं, कंपन्या ज्या जोड्या करणार नाहीत त्या, आणि औषध पुरवणं ही मान्यतेची अट करायला हवी. ब्राफ बिघडलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दोन्ही रस्ते एकदम बंद करा हे उत्तर प्रयोगशाळेला 2012 मध्ये मिळालं आणि मान्यता 2020 ला आली, तीसुद्धा दोन्ही औषधं नीट माहितीतली असताना. मधल्या आठ वर्षांत त्या पेशंटना जे मिळत होतं त्याचे निकाल आज 'टार्गेटेड थेरपी चालत नाही' याचा पुरावा म्हणून दाखवले जातात.